ताट उंबऱ्यावर ठेवणाऱ्या मुलीला

पत्र असं आहे:

"मावशी, मी 23 वर्षांची, ग्वाल्हेरची. लष्कर नावाच्या भागात, महाराज बाडा चौकापासून चालत दहा मिनिटांवर आमचा जुना वाडा आहे. बी.कॉम. झालं, दोन वर्षं बँकेच्या परीक्षा देते आहे, एकदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचले होते. महाराष्ट्रात एका गावाबाहेर मानसिक आजारातून सावरणाऱ्या लोकांची निवासी संस्था आहे. तीसेक माणसं तिथे राहतात. शेती, स्वयंपाक, साफसफाई सगळं मिळून करतात. मी आठ दिवस राहून आले. त्यांनी वर्षभरासाठी स्वयंसेवक म्हणून बोलावलं आहे. राहणं-जेवण आणि थोडा हातखर्च देतील. बाबा म्हणतात, वर्ष वाया जाईल, आणि लग्नाच्या वेळी लोक विचारतील, मुलीला तिथे का ठेवलं होतं? आईला भीती वाटते की कुणी अंगावर धावून येईल. शिवाय ती म्हणते, तुझा जीव हळवा, तुलाच काही झालं तर? मी जाऊ का?

ता. क. माझे धाकटे काका माडीवरच्या खोलीत राहायचे. त्यांना आवाज ऐकू यायचे. आम्हा मुलांना वर जायची बंदी होती, फक्त दुपारचं ताट न्यायचं काम माझ्याकडे होतं. उंबऱ्यावर ठेवायचं आणि खाली यायचं. मी नऊ वर्षांची असताना ते गेले."

अगं,

पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा ता. क. वर येऊन थांबले. वरचं सगळं सविस्तर लिहिलंस, अगदी हातखर्चापर्यंत, आणि हे एवढं मोठं चार ओळींत उरकलंस. म्हणून मी दोन्हींबद्दल लिहिणार आहे.

उत्तर आधी देऊन टाकते, उगाच जीव टांगणीला नको. जा. आणि वर्षासाठीच जा, तीन महिन्यांसाठी नको. पहिले तीन महिने तू तिथे पाहुणीच असशील. कोण कशाने दुखावतं, कोण बोलत नाही म्हणजे रागावलेलं नसतं, हे कळेपर्यंत पावसाळा सरतो. त्यांनाही तुझी सवय व्हायला तेवढा वेळ लागतो, कारण अशी येऊन जाणारी पोरं त्यांनी पुष्कळ पाहिलेली असतात.

आता काकांबद्दल. मीही ग्वाल्हेरचीच. आमच्या शाळेत कुणी जरा वेगळं वागलं की पोरं ओरडायची, "इसे आगरा भेजो!" आगऱ्याचं मनोरुग्णालय 1859 सालचं, इथून जेमतेम सव्वाशे किलोमीटरवर. आपल्या गावात स्वतःची मानसिक आरोग्यशाळा असूनही शिवी मात्र आगऱ्याची. घरातलं माणूस असं आजारी पडलं की घरच्यांपुढे दोनच वाटा असायच्या: तिकडे पाठवा, नाहीतर माडीवर ठेवा. आणि तिकडची अवस्था काय होती? रांची, आगरा आणि ग्वाल्हेर या तिन्ही ठिकाणच्या कारभारात सर्वोच्च न्यायालयाला हात घालावा लागला आणि 1997 मध्ये देखरेखीचं काम राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे सोपवावं लागलं. तुझ्या आजी-आजोबांनी मुलाला तिकडे पाठवलं नाही. रोज गरम ताट वर जात होतं, ती माया होतीच. खोलीकडे जायची बंदी होती, तेही तितकंच खरं. या दोन्हींच्या मधे नऊ वर्षांची एक मुलगी ताट घेऊन जिना चढत होती. तू काही चुकलेली नाहीस, बाळ. सांगितलं तेवढं केलंस.

पण हे ओझं पाठीवर घेऊन तिथे गेलीस तर पन्नाशीचा, दाढी वाढलेला, कोपऱ्यात बसलेला प्रत्येक माणूस तुला काका वाटेल. त्याच्याजवळ तू जास्त बसशील, त्याच्या पानात जास्त वाढशील, आणि तो एखाद्या दिवशी "जा इथून" म्हणाला की रात्रभर रडशील. त्याला बिचाऱ्याला कळणारही नाही की तू कुणाचं देणं त्याच्यापाशी फेडते आहेस. तिथे काका भेटणार नाहीत. तिथे भेटणाऱ्या माणसांना स्वतःची नावं आहेत, स्वतःची गावं आहेत, आणि तुझ्याकडून त्यांना काय हवंय ते तुला त्यांनाच विचारावं लागेल.

तू ज्या जागी चालली आहेस तशा जागा माडी आणि आगरा यांच्यामधली तिसरी वाट आहेत, आणि ती वाट बरीच जुनी आहे. बेल्जियममध्ये गील नावाच्या गावात लोक शेकडो वर्षं मानसिक आजार असलेल्या परक्या माणसांना आपल्या घरात ठेवून घेत आले. 1930 च्या दशकाच्या शेवटी त्या एका गावात अशी साडेतीन हजारांवर माणसं राहत होती. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधलं गुल्ड फार्म 1913 पासून चालू आहे. आजारातून उठणारी माणसं, कर्मचारी, त्यांची कुटुंबं आणि तुझ्यासारखे स्वयंसेवक एकाच शेतावर राहतात आणि राबतात. आपल्याकडे बेंगळुरूत रिचमंड फेलोशिप या संस्थेचं असंच काम 1986 पासून आहे. चेन्नईच्या 'द बॅनियन' या संस्थेने तर वर्षानुवर्षं संस्थेत राहिलेल्या बायकांना चार-पाच जणींच्या गटाने साध्या वस्तीतल्या भाड्याच्या घरांत राहायला नेलं. या सगळ्यांत औषध असतं, डॉक्टर असतात, पण दिवस भरलेला असतो तो भाजी, अंगण, गाई-गुरं, भांडी, भांडणं यांनी. तुझं काम त्या दिवसात आहे. डॉक्टरच्या खोलीत तुझं काही काम नाही.

हे मला कसं कळलं ते सांगते. 1994 साली, तुझ्याएवढी असताना, मी झेलम एक्स्प्रेसने पुण्याला उतरले आणि पुढे एस.टी.ने अशाच एका जागी गेले. अकरा महिने राहिले. पहिल्याच आठवड्यात तांदूळ निवडायला बसवलं. माझ्यासमोर पंचेचाळिशीच्या एक बाई, पुढ्यात परात. बोटाने एक दाणा सरकवायच्या, थांबायच्या, पुन्हा एक सरकवायच्या. गोळ्यांनी बोटं थरथरायची आणि अकरा वाजेपर्यंत डोळ्यांवर झापड असायची. माझी परात दहा मिनिटांत झाली. मग मी त्यांची ओढली, तीही संपवली. त्या काही बोलल्या नाहीत. परात उचलल्यावर हात जसेच्या तसे मांडीवर ठेवून जेवणाची घंटा होईपर्यंत बसून राहिल्या. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या ताईंनी मला मागच्या पडवीत बोलावलं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या दोन महिन्यांनी आज खाली आल्या होत्या. आणि तांदूळ उद्याचे होते."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. पुढचे नऊ दिवस आल्या नाहीत. आल्या तेव्हा मी माझी परात मुद्दाम हळूहळू निवडायला लागले. तेही त्यांच्या लक्षात आलं. खाली बघतच म्हणाल्या, "तू तुझ्या वेगाने कर गं."

तांदळाचं एवढं काय, असं तुला वाटेल. लंडनमध्ये 1950 च्या दशकात जॉर्ज ब्राउन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने इस्पितळातून सुटून गेलेल्या स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजे ज्यात आवाज ऐकू येणं, भ्रम होणं असं घडतं त्या आजाराच्या, रुग्णांचा माग काढला. आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परत गेलेली माणसं, भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहिलेल्यांपेक्षा जास्त प्रमाणात पुन्हा आजारी पडत होती. पुढच्या अभ्यासांत दिसलं की आजार उलटण्याशी सारखं टोकणं, मनातली अढी आणि अति काळजी यांचा संबंध आहे. आजार घरच्यांमुळे होतो, असा याचा अर्थ मुळीच नाही. हे आईला आवर्जून सांग, नाहीतर ती काकांवरून स्वतःला दोष देत बसेल. पण शेवटची ती अति काळजी तुझ्यासाठी लिहिली आहे. तू टोकणार नाहीस, अढीही धरणार नाहीस, तशी तू वाटत नाहीस. तू परात ओढून घेशील. कळवळून घेशील. तेव्हा उद्याचे तांदूळ आठव.

तिथे शेजारीण म्हणून राहा. चांगली शेजारीण दार वाजवल्याशिवाय आत येत नाही, औषध घेतलंत का म्हणून दहा वेळा विचारत नाही, आणि आज चेहरा उतरलाय हे मात्र तिच्या नजरेतून सुटत नाही. औषधांचं काम ज्यांचं आहे त्यांचं त्यांना करू दे. काही गोष्टी मात्र माहीत असू देत. लिथियम नावाचं औषध घेणाऱ्यांचा हात थरथरू शकतो, त्यांना चहा अर्धाच कप भरून दे, लागला तर पुन्हा दे. उन्हाळ्यात शेतावर काम करताना त्यांचं पाणी आणि मीठ कमी पडलं तर तेच औषध अंगात वाढून बाधू शकतं, म्हणून कुणाला उलट्या-जुलाब झाले किंवा बोलणं अडखळायला लागलं तर लगेच नर्सला सांग. सकाळी न उठणाऱ्याला आळशी म्हणू नकोस. त्यात आजाराचा वाटा असतो, गोळ्यांचाही असतो.

आवाज ऐकणाऱ्याशी वाद घालायचा नाही, आणि हो ला हो पण म्हणायचं नाही. "मला ऐकू येत नाही, पण तुम्हाला त्रास होतोय हे दिसतंय" एवढं खरं वाक्य पुरतं. मग हवं तर सोबत एक फेरी मारून ये. कुणी जीव नकोसा झाल्याचं बोललं आणि "कुणाला सांगू नकोस" म्हणालं, तर तसं वचन कधीच देऊ नकोस. "मी सांगणार, कारण मला तुम्ही हवे आहात" म्हण आणि त्याच मिनिटाला ड्यूटीवरच्या माणसाकडे जा. सकाळपर्यंत थांबू नकोस.

संस्थेबद्दल तू फक्त चांगलं लिहिलंस. आठ दिवसांत चांगलंच दिसतं. पक्कं करण्याआधी स्पष्ट विचार, संकोच करू नकोस. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याखाली नोंदणी आहे का? मानसोपचारतज्ज्ञ किती दिवसांनी येतात, आणि रात्री दोन वाजता कुणाला काही झालं तर कोण येतं? रात्रपाळीत मी एकटी असेन का? (असेन म्हणाले तर जाऊ नकोस.) आठवड्याची सुट्टी कोणती, झोपायला आतून कडी लागणारी खोली आहे का, मला काही जड गेलं तर मी कुणाशी बोलायचं?

आणि डोळ्यांनी बघ. खोल्यांना कुलपं बाहेरून आहेत का. लोक स्वतःचे कपडे घालतात की सगळ्यांना एकसारखे. त्या कायद्याने कुणालाही साखळीने बांधायला बंदी आहे, जबरदस्तीने डोकं भादरायला बंदी आहे, स्वतःचे कपडे घालायचा हक्क आहे, आणि काम सक्तीने करून घेता येत नाही, केलं तर योग्य मोबदला द्यावा लागतो. म्हणून शेतातल्या कामाचे पैसे राहणाऱ्यांना मिळतात का, हेही विचार. हे सगळं उगाच कायद्यात आलेलं नाही. तमिळनाडूत एरवाडीला 6 ऑगस्ट 2001 रोजी अशाच एका आश्रमाला आग लागली तेव्हा साखळ्यांनी जखडलेल्यांना पळता आलं नाही. 28 जीव गेले. मोबाइलवर फोटो काढून टाकायची सवय असेल तर ती ग्वाल्हेरलाच ठेवून जा. त्यांचा आजार ही त्यांची खाजगी गोष्ट आहे, तुझ्या स्टेटसवर ती येता कामा नये.

आता आईची भीती. मानसिक आजार असलेली बहुतेक माणसं कुणाच्या अंगावर जात नाहीत. मार खाणाऱ्यांत, फसवले जाणाऱ्यांत तीच जास्त असतात. दारू किंवा नशा सोबत असली तर धोका वाढतो, म्हणून त्याबद्दल संस्थेचा नियम काय आहे ते विचारून आईला सांग. "तुलाच काही झालं तर" याचं उत्तरही तिला दे. सोबत राहून हा आजार लागत नाही. रक्तातून थोडा संबंध असतो. काकांना नक्की काय होतं हे तुझ्या एका ओळीवरून मी ठरवणार नाही, पण स्किझोफ्रेनिया धरून चाललं तरी एरवी शंभरात एकाला होणारा आजार पुतणीला शंभरात तीन-चार जणींना होतो, बाकीच्या शहाण्णव जणींना नाही. तू तिथे राहिलीस किंवा घरी राहिलीस तरी आकडा तोच. झोप मात्र सांभाळ. सलग आठवडाभर झोप लागली नाही, जेवण जाईना, प्रत्येकाचं दुःख रात्री उशाशी यायला लागलं, तर कुणाला तरी सांग. तिथे सांगावंसं वाटलं नाही तर 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो. आणि गरज पडली तर मधेच परत ये. तिकिटाचे आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांचे पैसे बाजूला ठेवूनच निघ, म्हणजे पैशांसाठी अडकून पडायला नको.

बाबांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्या ग्वाल्हेरात मराठी घरं ती किती, सगळी एकमेकांना ओळखणारी. बोलणारे बोलतील. पण परीक्षेचा हिशेब कागदावर मांडून दाखव: पी.ओ.च्या, म्हणजे बँक अधिकाऱ्याच्या, परीक्षेला तिसाव्या वर्षापर्यंत बसता येतं, क्लार्कच्या परीक्षेला अठ्ठाविसाव्या. एक वर्ष गेलं तरी हातात बरीच वर्षं उरतात. तिथे वर्षभर राहिल्याने तू समुपदेशक होणार नाहीस, तसं कुठे लिहूही नकोस. पण याच कामात पुढे शिकावंसं वाटलं तर एम.एस.डब्ल्यू.ला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाला, जाताना तुझे पाय जमिनीवर असतील. लग्नाचं मी एवढंच म्हणते, की हे ऐकून मागे फिरणाऱ्या घरात उद्या तुझं कुणी आजारी पडलं तर काय झालं असतं, याचा विचार बाबांनी एकदा करून बघावा. आणि वाद घालण्यापेक्षा त्यांना घेऊन जा. आई-बाबा दोघांना. एक दिवस तिथे जेवू देत, पंगतीत, राहणाऱ्यांच्या शेजारी बसून. माझ्या वडिलांना शेजारच्या एका गृहस्थांनी पोळीवर तूप वाढलं होतं आणि विचारलं होतं, "ग्वाल्हेरचा किल्ला चढायला किती वेळ लागतो हो?" वडील त्यांच्याशी किल्ल्यावर तासभर बोलत बसले. परतताना गाडीत मला म्हणाले, "त्यांना कुठली वेळेची घाई नाही, बरं वाटलं."

शेवटच्या दोन महिन्यांबद्दल सांगायचं राहिलं, आणि हे मी चुकले आहे म्हणून सांगते. तिथे एक गुरुजी होते, पूर्वी शाळेत शिकवायचे, मला कवितेतली वृत्तं समजावून सांगायचे. निघायच्या आदल्या रात्री मी त्यांना सांगितलं की उद्या जाते, आणि त्यांचा चेहरा बघून घाबरून म्हणाले, "दर आठवड्याला पत्र लिहीन." तीन लिहिली. मग नोकरी लागली, मग लग्न ठरलं. ते दर शनिवारी टपालाच्या वेळी फाटकाशी जाऊन बसायचे, हे मला वर्षाने कळलं. माफी मागायला गेले तेव्हा ते भावाकडे राहायला गेले होते आणि पत्ता कुणी दिला नाही, देणं बरोबरही नव्हतं.

तू तसं करू नकोस. जायची तारीख दोन महिने आधी सगळ्यांना सांग, भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण कर. ज्यांना राग येईल त्यांना येऊ दे, ज्यांना बोलणं बंद करायचं असेल ते करतील, त्यासाठीच ते दोन महिने. आणि वचन द्यायचंच असेल तर पाळता येईल एवढंच दे. दिवाळीला एक कार्ड. एवढं जमतं.

निघायच्या आधी घरात एक काम कर. माडीवरच्या त्या खोलीत आता काय आहे ते लिहिलं नाहीस. अडगळ असेल बहुधा. बाबांना घेऊन वर जा. त्यांचा तो धाकटा भाऊ होता, लहानपणी दोघं एकत्र खेळले असतील, पतंग उडवले असतील. बाबा इतकी वर्षं गप्प आहेत, ते फक्त लोकलाजेमुळे असं मला वाटत नाही. काका आजारी पडण्याआधी कसे होते, काय शिकले होते, काय खायला आवडायचं, हे विचार. बोलले नाहीत तरी तिथे थोडा वेळ बसा.

आणि मला पुन्हा लिहिशील तेव्हा काकांचं नाव लिही. या पत्रात ते कुठेच नाही.

तुझी,
मावशी